दोन इंच पाणी

घरातल्या वडीलधाऱ्यांचे गुडघे कुरकुरू लागले की कधी ना कधी जुनं बैठकीचं भांडं निघतं आणि तिथे कमोड येतो. ठरवायला वर्ष जातं, फोडाफोडीला एक सकाळ. मग नव्या टाइल्स, जेट स्प्रे, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. शेजारच्या काकू पाहून जातात, "छान केलंत हो" म्हणतात. आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी दारातच थबकून विचारतं, "कसला गं वास येतोय?"

हा 'कुणीतरी' बहुधा पाहुणा असतो. गटारातल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्याचा त्याचा वास हवेत अगदी नावापुरता असला तरी माणसाला कळतो. पण त्याच हवेत बसून राहिलं की नाक दमतं आणि कळवणं सोडून देतं. त्यामुळे घरचे शपथेवर सांगतात, "आम्हाला तर काही येत नाही." (हीच गोष्ट मॅनहोलमध्ये जीवघेणी ठरते. तिथे वायू जास्त झाला की वास येणंच बंद होतं, आणि उतरलेल्या माणसाला वाटतं, हवा सुधारली. सुरक्षा साधनांशिवाय गटारसफाईसाठी माणूस खाली उतरवायला 2013च्या कायद्याने बंदी आहे. तरी बातम्या येतच असतात.)

मग घरात चौकशी समिती बसते. आजोबांना वास्तूचा संशय, सूनबाईंना खालच्या मजल्याचा, खालच्या मजल्याला वरच्याचा. कुणी डांबरगोळ्या टाकतं, कुणी फिनेल, कुणी कापूर जाळतं. थोड्या वेळाने गटार आणि देवघर यांचा एकत्र असा काही वास सुटतो की त्यापेक्षा नुसतं गटार बरं. प्लंबर मात्र शांत. "साहेब, नवीन आहे ना, सेट व्हायला वेळ लागतो." कमोड म्हणजे लोणचं नव्हे, मुरून सुधारायला, पण हे त्याला सांगणार कोण?

वस्तुस्थिती अशी की आपण आणि गावभरचं गटार यांच्यामध्ये दार नाही, झडप नाही, फक्त पाणी आहे. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या घड्याळजीने 1775 साली संडासाच्या नळीला बाक देण्याचं पेटंट घेतलं. बाकात पाणी साठून राहतं आणि खालची हवा खालीच अडते. आज बांधकामातल्या अशा बाकात, म्हणजे ट्रॅपमध्ये, हे पाणी साधारण 50 मिलिमीटर असतं, म्हणजे दोन इंच. सुलभ शौचालयाच्या भांड्यात तर 20 मिलिमीटरवर भागवलेलं असतं, म्हणजे फ्लशला पाणी कमी लागतं. एवढ्याशा पाण्यावर आपली सगळी इभ्रत तरंगते.

आता बदलात काय होतं? जुन्या भांड्याचा ट्रॅप फरशीखाली वेगळा असायचा. कमोडचा त्याच्या पोटातच असतो. घाईत खालचा जुना ट्रॅप तसाच ठेवला तर दोन बाकांच्या मध्ये हवा अडकते, पाणी गुडगुडतं, फ्लश जीव गेल्यासारखा होतो. जुना काढला, तर कमोडचं तोंड आणि खालचा पाइप यांचा सांधा हवाबंद लागतो. तिथे रबरी कनेक्टर बसवावा, ही सरळ गोष्ट. पण आपल्याकडे पांढऱ्या सिमेंटवर श्रद्धा फार. कमोड जरासा डुलत असला की बसणाऱ्याच्या प्रत्येक बैठकीला त्या सिमेंटला केसभर चीर जाते, आणि तिथून गटाराची हवा थेट घरात येते. म्हणून आधी कमोड हलवून पाहा. हलला, तर वरून आणखी सिमेंट थापू देऊ नका. उचलून सांधा नव्याने करायला सांगा.

जुने विलायती प्लंबर सांधे तपासायला पेपरमिंटचं तेल वापरत. एक जण गच्चीवर जाऊन गटाराच्या नळाला हवा देणाऱ्या व्हेंट पाइपमध्ये तेल आणि गरम पाणी ओतायचा, दुसरा घरात हुंगत फिरायचा. जिथे पेपरमिंट, तिथे चीर. अट एकच: ओतणाऱ्याने काम संपेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही, कारण त्याच्या हातांनाच तो वास. आपल्याकडे अगरबत्ती पुरते. ती वास झाकायला नाही, कमोडच्या बुडाशी धरून धूर कुणीकडे ढळतो ते पाहायला. गच्चीवर जाणार असाल तर व्हेंट पाइपही पाहून या. पत्र्याची शेड घालताना तो कापून बुजवणारे महाभाग सोसायटीत असतातच. मग वरच्या मजल्यावर फ्लश झाला की हवा मिळवायला पाइप तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतो.

आणि हे सगळं ठीक निघालं, तरी वास येतोच? मग कोपऱ्यातल्या नहाणी ट्रॅपकडे बघा, त्या गोल जाळीकडे. तिच्याखालीही तसंच पाणी असतं. बैठकीच्या काळात बादल्या ओतल्या जायच्या, फरशी सतत ओली, ती जाळी कधी तहानलेली नसायची. आता जेट आला, पायपुसणं आलं, 'आई घसरेल' म्हणून फरशी कोरडी ठेवायचा नियम आला. जाळीखालचं पाणी गुपचूप आटतं, उन्हाळ्यात तर लवकरच, आणि बोलणी खातो तो नवा कमोड. माझं मत विचाराल तर निम्म्या घरांतला आरोपी हाच असावा, आणि त्याला कुणी विचारतही नाही, कारण तो जुना, घरचा.

तेव्हा फोडाफोडीसाठी पुन्हा माणूस बोलावण्याआधी त्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि उद्यापर्यंत थांबा. सुट्टीत गावी निघालात तर पाण्यावर चमचा-दोन चमचे गोडंतेलही सोडा, म्हणजे पाणी सावकाश उडेल. एवढं करून वास राहिलाच, तर मग खुशाल प्लंबरला फोन करा.