वही कोरी, माळा भरलेला

आर्ट जर्नल ठेवायला तीन गोष्टी लागतात: वही, रंग आणि तिसरी बेडरूम. पहिल्या दोन अप्पा बळवंत चौकात मिळतात. तिसरीसाठी कर्ज काढावं लागतं आणि ते घरच्यांना 'पाहुण्यांची खोली' असं सांगून काढलं जातं. मग पाहुणे येतात आणि हॉलमध्ये झोपतात, कारण पाहुण्यांच्या खोलीत कागद वाळत घातलेले असतात.

हा प्रकार ज्यांच्या घरात अजून शिरलेला नाही त्यांच्या माहितीसाठी: रोजनिशीत माणूस लिहितो, आर्ट जर्नलमध्ये चिकटवतो. पानावर आधी पांढरा थर, त्यावर रंग, त्यावर कापलेले कागद, त्यावर शिक्के, त्यावर रंगीत टेप आणि सगळ्यात शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात, 'आज पाऊस'. एवढं दोन शब्दांचं हवामान सांगायला दोन दिवस लागतात, तोवर ऊन पडलेलं असतं.

तो पांढरा थर म्हणजे जेसो. मूळ कृती खडूची किंवा जिप्समची पूड आणि सरस. युरोपातले जुने चित्रकार तो लाकडी फळीवर देत, कारण नुसती फळी रंग पिऊन टाकते. कारण रास्त होतं. आपण मात्र आधी खास रंगांसाठीच बनवलेला जाड, महागडा कागद आणतो आणि मग त्यावर हा फासतो. स्वतःच्या पैशाने स्वतःलाच चुना लावून घ्यायचा आणि वर तो सुकेपर्यंत पंख्याखाली उभं राहायचं.

आमच्या वहिनीने हे कोथरूडला आणलं. म्हणजे कोथरूडमध्ये ते आधीच होतं, तिने ते घरात आणलं. सुरुवात अगदी साध्वीसारखी झाली होती. रायडर कॅरल नावाच्या अमेरिकन डिझायनरने २०१३ मध्ये 'बुलेट जर्नल' ही पद्धत मांडली. लहानपणापासून त्याचं चित्त एका जागी टिकत नसे, म्हणून त्याने स्वतःपुरती युक्ती काढली होती: एक वही, एक पेन, कामांची यादी. बास. जगाने ही साधी पद्धत उचलली आणि तिच्यासाठी प्रत्येकी छत्तीस पेनं घेतली. आता यादी करायची म्हटली की कोणत्या पेनाने करायची, इथेच चित्त विचलित होतं.

मग टेप आल्या. वॉशी टेप. जपानमध्ये कुराशिकी नावाच्या गावात कामोई नावाची कंपनी आहे. १९२३ साली ती सुरू झाली तेव्हा माश्या पकडायचा चिकट कागद बनवायची. पुढे रंगाऱ्यांसाठी मास्किंग टेप बनवू लागली आणि २००८ पासून त्याच कागदी टेप रंगीत, नक्षीदार करून हौशी लोकांसाठी विकते. शंभर वर्षांत धंदा म्हणाल तर फारसा बदललेला नाही. तेव्हा कागदाला माश्या चिकटायच्या.

टेपचा नियम असा की ती वापरायची नसते. वापरली की संपते. म्हणून ती रंगाप्रमाणे लावून ठेवायची, आलेल्या-गेलेल्याला दाखवायची आणि चिकटवायची वेळ आली की ड्रॉवरमधली साधी पारदर्शक टेप काढायची. वह्यांचंही तेच. चांगल्या वह्या चांगल्या कामासाठी राखून ठेवलेल्या आहेत. चांगलं काम अजून सुचायचं आहे. ते सुचेपर्यंत वह्यांची संख्या वाढवत राहणं एवढंच आपल्या हातात असतं.

मागच्या संक्रांतीला पसारा कमी करावा म्हणून वहिनीने हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेक वॉशी टेप दिली. सोसायटीतल्या बायकांनी ती उलटीपालटी करून पाहिली, 'बांगड्यांना गुंडाळायची का?' असं विचारलं आणि घरी नेली. यंदा त्यातली एक, वरचं प्लास्टिकही न काढलेली, चौथ्या मजल्यावरून वाण म्हणून वहिनीकडे परत आली. तिने ती ओळखली. 'अय्या, ही माझ्याकडे नव्हतीच,' असं मोठ्याने म्हणाली आणि रंगाप्रमाणे लावून ठेवली.

पूर्वी रंगांचं एवढं अवडंबर नव्हतं. दांडेकरांनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईने धंदा सुरू केला, तो पुढे उंटावर बसून 'कॅमल' झाला आणि त्या उंटाच्या रंगपेटीवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट पास झाल्या. बारा रंग. पांढरा महिन्याभरात संपायचा आणि काळा धाकट्या भावापर्यंत पोचायचा. त्या पेटीतून किल्ले निघाले, गणपती निघाले, 'पावसाळ्यातील बसस्टॉप' तर दरवर्षी निघाला. आता बारा रंगांत वहिनीचा नुसता गुलाबी मावत नाही.

आणि जुनेपणाची हौस! 'व्हिंटेज' पान करायचं तर नवा कोरा कागद चहात बुडवतात, वाळवतात, कडा मेणबत्तीवर जाळतात. मग त्यावर पॅरिसच्या मेट्रोची तिकिटं, परदेशी पोस्टाचे शिक्के, कुणाच्या तरी आजोबांच्या हस्ताक्षरातली पत्रं लावतात. ही सगळी छापील, पाकिटात, ऑनलाइन मागवलेली. पॅरिसला घरातलं कुणी गेलेलं नाही. स्वारगेटहून महाबळेश्वरला सगळे गेले होते, त्या एसटीची तिकिटं स्टँडवरच टाकली. घरातल्या खऱ्याखुऱ्या आजोबांचे मोडीतले कागद माळ्यावर होते, ते माळा रिकामा करायचा म्हणून रद्दीत गेले. माळा का रिकामा करायचा होता? चहात बुडवलेले कागद ठेवायला. इतिहासाचार्य राजवाडे असलेच कागद मिळवण्यासाठी गावोगाव वणवण फिरले आणि १९१० मध्ये याच पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. आज ते कोथरूडला आले असते तर वहिनीने त्यांना चहा दिला असता. किंवा कागद बुडवायला ठेवला असता.

या सगळ्या सामानात एकच जिवंत वस्तू आहे, तिचं नाव पापड.

पापड गावठी आहे, पार्किंगमध्ये सापडला. पूर्वी मराठी घरात मुलगा प्रकाश असायचा आणि कुत्रा टायगर. आता मुलांची नावं कळत नाहीत आणि कुत्र्यांची ऐकून तोंडाला पाणी सुटतं: लाडू, मोदक, भाकरी, पापड. भाषेचंही उलटं झालंय. पोराला 'ईट युवर फूड' आणि पापडला 'खा रे माझ्या सोन्या'. मराठी माध्यम वाचलंच तर या एका विद्यार्थ्यामुळे वाचेल.

कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्याकडे तीन. त्यामुळे निळा आणि पिवळा त्याला बरे कळतात, लाल आणि हिरव्यात गोंधळ होतो. वहिनीच्या कपाटातले 'डस्टी रोज', 'ब्लश' आणि 'कोरल' पापडला सारखेच दिसतात. दादालाही सारखेच दिसतात. पापडकडे निदान शास्त्रीय कारण आहे.

पण पापडचा गुण असा की तो साठा करत नाही. टेपचा रोल मिळाला की तो लगेच वापरतो, पूर्ण वापरतो आणि सोफ्याखाली वापरतो. संत नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, असं सांगतात. वहिनीही धावते, पण 'अरे सोड, जपानची आहे ती!' असं ओरडत. संतपदाला अजून वेळ आहे.

पापडच्या बाजूने एक दाखला देतो. पिकासोकडे लंप नावाचा डॅशहाउंड होता. १९५७ मध्ये डेव्हिड डग्लस डंकन हा छायाचित्रकार त्याला सोबत घेऊन कान शहरातल्या पिकासोच्या बंगल्यावर गेला. लंप तिथलाच झाला. पिकासोने त्याच्यासाठी पुठ्ठ्याचा ससा कापून दिला. तो आज असता तर लिलावात काय किमतीला गेला असता, याचा हिशेब तुम्ही करा. लंपने तो फाडून फस्त केला. पिकासो चिडला नाही. उलट त्याच वर्षी वेलास्केझच्या जुन्या चित्रावरून मालिका रंगवताना त्याने मूळ चित्रातल्या दांडग्या कुत्र्याच्या जागी हा आखूड पायांचा लंप बसवला. कलेचा आस्वाद घ्यावा तर असा, मुळापासून.

डेव्हिड हॉकनीनेही १९९५ मध्ये स्टॅन्ली आणि बूजी या आपल्या दोन डॅशहाउंडांची चित्रं काढली. कुत्री पोझ देत नाहीत, दारावर टकटक झाली की उठून जातात. म्हणून त्याने घरभर कागद आणि रंग तयार मांडून ठेवले होते, कुत्रा पडला दिसला की तिथेच काम सुरू. वहिनीने यातला अर्धा भाग तंतोतंत पाळला आहे. घरभर कागद आणि रंग मांडून ठेवले आहेत.

आणि 'मोठमोठ्या कलावंतांकडेही पसारा असतो' असं कुणी म्हणालंच तर मान्य. अँडी वॉरहॉल १९७४ पासून पत्रं, बिलं, आमंत्रणं, हाताला लागेल ते खोक्यात भरायचा, टेप लावायचा आणि गोदामात पाठवायचा. अशा ६१० 'टाइम कॅप्सूल' मागे ठेवून तो गेला. त्या आता पिट्सबर्गच्या संग्रहालयात आहेत आणि त्यांतली चिठ्ठीचपाटी नोंदवायला पगारी माणसं बसवावी लागली. वॉरहॉलकडेही दोन डॅशहाउंड होते, हा मुद्दा वहिनीने आवर्जून सांगितला. दादाने फक्त त्या पगारी माणसांबद्दल चौकशी केली.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. दोरा, रिबन, लोकर हे कुत्र्याच्या पोटात गेलं तर आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं, आणि तोंडातून किंवा मागून टोक दिसलं तरी ओढायचं नसतं, सरळ डॉक्टरकडे न्यायचं. पॉलियुरेथेनचा गोंद तर पोटात फुगून दगडासारखा होतो, तो शस्त्रक्रियेनेच निघतो. धातूची बटणं एक्स-रेत लख्ख दिसतात, दोरा दिसत नाही. ग्लिटर म्हणजे तर प्लास्टिकचा भुगाच; युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुटं प्लास्टिक ग्लिटर विकायला बंदी केली. वहिनीचा साठा त्याआधीचा आहे. पापड दिवाळीपासून चमकतो आहे. संध्याकाळी फिरायला निघाला की गल्लीतली बाकीची कुत्री भुंकायचं सोडून नुसती बघत राहतात.

परवा डॉक्टरांनी विचारलं, 'रेबीजची लस कधी दिली होती?' वहिनीने वही उघडली. पापडचं नाक होतं, चार पानं. पापडचा कान, जलरंगात. पापडचा पंजा, जेसोवर. मध्ये एके ठिकाणी खऱ्या केसांचा पुंजका, पण तो लावलेला नव्हता, रंग ओला असताना आपला आपण येऊन चिकटला होता. त्याच्याइतकं अस्सल त्या वहीत दुसरं काही नाही. तारीख मात्र कुठेच नव्हती. दादाने घरी फोन लावला. आईने स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयकडे बघून सांगितलं: एकादशीच्या चौकोनात, 'गॅस लावला'च्या खाली, 'पापड इंजेक्शन'.

माझं मत विचाराल तर महाराष्ट्राचं खरं जर्नल हेच. १९७३ पासून खिळ्याला लटकलेलं आहे. दुधाचे खाडे, बाईचे खाडे, गॅसचा नंबर, कुणाचं बारसं, कुणाचा दहावा. तीन रंगांची पेनं, तीही जी सापडतील ती. वरच्या कोपऱ्यात फोडणीचा एक डाग, तो चहात न बुडवता मिळालेला. वर्ष संपलं की पानं फाडून त्यांत डबे बांधले जातात किंवा पुस्तकांना कव्हरं घातली जातात. फेविकॉलही लागत नाही. पण हे सगळं इतकं फुकट आहे की त्याचा छंद कसा होणार? छंदाला ट्रॉली लागते.

ट्रॉली आली आहे. तीन कप्प्यांची, चाकांची. पसारा एका जागी राहावा म्हणून घेतली. आता तो खोलीखोलीतून फिरतो. तिच्यात फक्त कात्र्या म्हणाल तर कागदाची वेगळी, कापडाची वेगळी, नागमोडी कडांची वेगळी, बारीक नक्षीची वेगळी, टेपची वेगळी, कारण टेपचा चिकटा बाकीच्यांना लागता कामा नये. कापडाच्या कात्रीने कागद कापला तर काय होतं हे या घरात एकदाच झालं आणि त्यावर आता कुणी बोलत नाही.

सकाळी दादाला दुधाची पिशवी उघडायची होती. 'अगं, कात्री दे.'

'कुठली?'

'दुधाची.'

'तशी नाहीये माझ्याकडे,' वहिनी म्हणाली आणि फोन उघडून बघायला लागली, मिळते का ते.

दादाने पिशवी दातांनी फाडली. या घरात तेवढी मुभा असलेला तो दुसरा.