हाडात घुसलेल्या पेशीस

‘सप्रेम नमस्कार’ लिहून पत्राला सुरुवात करायची आपली रीत आहे. तुझ्यापुरती ती मोडतो. तुझ्याशी बोलायचं ते हिशेबाचं.

स्तनातल्या किंवा प्रोस्टेटमधल्या कर्करोगाच्या गाठीतून तू निसटतेस, रक्तात उतरतेस आणि मणका, बरगडी, खुबा गाठतेस. तिथे कधी कधी वर्षानुवर्षं निपचित पडून राहतेस. ऑपरेशन झालेलं असतं, केमो संपलेली असते, घर पुन्हा मार्गी लागलेलं असतं. मग एक दिवस पाठ धरते. वयाचं दुखणं म्हणून बाम चोळला जातो. बोन स्कॅन होतो आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात, ‘हाडांत गेलाय.’ कूस बदलताना हाड मोडतं, मणका दबून पाय लुळे पडतात, रक्तातलं कॅल्शियम वाढून माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. एवढाच तुझा पराक्रम!

आणि त्यातही स्वतःचे हात चालवायची तुझी तयारी नाही. तू पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडतेस. त्याच्या सांगण्यावरून हाड बांधणाऱ्या पेशी रँकल हा रेणू पुढे करतात. त्याने हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. हाड झिजलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात, त्यांवर तू पोसतेस आणि पुन्हा तेच प्रथिन सोडतेस. प्रोस्टेटमधून आलेली असलीस तर बहुधा उलट करतेस : वेडंवाकडं, कच्चं हाड रचून घेतेस. दोन्हीकडे राबतात त्या शरीराच्याच पेशी. तू फितुरी घडवून आणणारी आहेस, लढणारी नाहीस.

तुझं हे बिंग फुटलं, कारण कुणीतरी चिकाटीने प्रश्न विचारले. 1889 साली लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 स्त्रियांच्या नोंदी तपासल्या आणि तू वाट्टेल तिथे जात नाहीस, हे दाखवलं. बी कितीही उधळलं तरी मानवेल त्याच मातीत ते रुजतं, हा त्यांचा सिद्धांत. 1928 साली जेम्स युइंग यांनी तू कुठे पोचशील हे ठरायला रक्तप्रवाहाची दिशा पुरेशी आहे असं म्हटलं आणि मातीचा प्रश्न कित्येक दशकं मागे पडला. ती दशकं तुला फुकट मिळाली. 1987 मध्ये पीटीएचआरपीची ओळख पटली. 1997 साली काही उंदरांची हाडं भलतीच दाट का झाली, याचा शोध घेताना ऑस्टिओक्लास्टना आवरणारं प्रथिन सापडलं आणि पुढच्याच वर्षी रँकलचं काम उलगडलं. त्याच वाटेने डेनोसुमॅब हे औषध आलं. 2010 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याने हाडं मोडणं कमी होतं, पण तुला हुसकावून लावता येत नाही, आयुष्यही फारसं वाढत नाही.

अडतं कुठे, ते 2014 साली उघड झालं. मेटास्टॅटिक ब्रेस्ट कॅन्सर अलायन्स या संघटनेने 2000 ते 2013 या काळातला स्तनकर्करोग संशोधनाचा सुमारे 1500 कोटी डॉलरचा निधी तपासला. पसरलेल्या रोगाच्या वाट्याला त्यातले फक्त 7 टक्के आले होते. स्तनातली गाठ स्तनातच राहिली तर जीव घेत नाही. जीव जातो तो प्रसारामुळे. तरीही पैशाची विभागणी ही अशी! लवकर निदानाचा एक रुपयाही कमी करू नये. पण ज्यांच्या हाडात तू आधीच पोचली आहेस, त्यांनी कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

पैशाची ही व्यवस्थाच तुझी खरी ढाल आहे. संशोधकाला अनुदान मिळतं तीन-पाच वर्षांचं. तू दहा-दहा वर्षं झोपून राहू शकतेस. तू जागी होण्याआधी प्रकल्पाची मुदत संपते, विद्यार्थी पीएचडी घेऊन निघून जातो. हाडाचा नमुना मिळवणं वेदनादायक, तो तपासणं किचकट, म्हणून प्रस्ताव बाजूला पडतात.

पण गाफील राहू नकोस. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलने देशातल्या 11 केंद्रांवर स्तनकर्करोग झालेल्या सुमारे 1600 स्त्रियांवर चाचणी केली. ऑपरेशनच्या वेळी तू निसटू नयेस म्हणून गाठ काढण्यापूर्वी तिच्याभोवती लिडोकेनचं, म्हणजे बधिर करणाऱ्या साध्या औषधाचं इंजेक्शन. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलं. इतक्या जुन्या, स्वस्त औषधात कोणत्याही कंपनीला मोठा नफा नाही. असे प्रश्न सार्वजनिक पैशानेच सुटतात.

म्हणून आमची मागणी तुझ्यादेखतच मांडतो. कर्करोग संशोधनाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात प्रसारासाठी वेगळी तरतूद दिसली पाहिजे. हाडातल्या सुप्त पेशींवरच्या कामाला किमान दहा वर्षांचं अनुदान हवं. रुग्णांच्या संमतीने हाडांचे नमुने जतन करणाऱ्या पेढ्या हव्यात आणि त्या सांभाळणाऱ्या माणसांना कायमचे पगार हवेत. सरकार, दानशूर उद्योगपती आणि देणगी देणारा प्रत्येक नागरिक यांनी पैसे देताना एकच विचारावं : यातले प्रसारावर किती?

हा प्रश्न आम्ही विचारतच राहू, तुझी झोप कितीही लांबली तरी.

तुझ्यावर भरपूर खर्च व्हावा असा आग्रह धरणारा,
एक करदाता