पिंजरा कोणाच्या हद्दीत उघडायचा?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावं लोकलमधल्या चौथ्या सीटवरून भांडतील, पण पकडलेल्या उंदराचं काय करायचं यावर त्यांचं एकमत आहे. तो शेजारच्या हद्दीत सोडायचा. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पहाटे पिंजऱ्यावर जुना टॉवेल टाकून नाल्यापलीकडे फिरायला जातात. तिकडचे सेक्रेटरी तसाच टॉवेल घेऊन इकडे येतात. पुलावर दोघं एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात. टॉवेलकडे कुणी पाहत नाही.

उल्हासनगरला कापडाच्या ज्या दुकानात मी हिशेब लिहितो, तिथल्या शेठजींचा भरवसा विषावर. “साईं, एक गोळी और काम खतम!” पण जहाल विषाची चव उंदीर आधी जपून घेतो. पोट बिघडून वाचला, की पुन्हा त्या गोळीला तोंड लावत नाही. मग शेठजींनी रक्त गोठू न देणारं औषध आणलं. ते उंदराने आनंदाने खाल्लं, चार-पाच दिवसांनी तो मेलाही. पण फॉल्स सीलिंगच्या आत! त्या महिन्याचा अगरबत्तीचा खर्च मला स्वतंत्र खात्यावर दाखवावा लागला.

उंदीर कापड कुरतडतो ते भुकेपोटीच असं नाही. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, ते झिजवायला काहीतरी लागतंच. खरं तर फाटकी जीन्स जास्त भावाने विकणाऱ्या या गावात त्याला कारागिराची मजुरी द्यायला हवी.

मेलेले उंदीर मोजणं हा मात्र आमच्या धंद्यातला अवघड भाग. मार्च 2018 मध्ये एकनाथ खडसे यांनी विधानसभेत विचारलं होतं, की मंत्रालयात सात दिवसांत 3,19,400 उंदीर मारले कसे? पुढे खुलासा झाला, की तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. हिशेबनीस म्हणून मला ही पद्धत फार आवडली. या हिशेबाने आमच्या दुकानाच्या माळ्यावर एकही उंदीर जिवंत नाही. रात्री धावतात ते बिनानोंदीचे.

घरी हिने वेगळंच केलं. हातात पेन्सिल घेऊन ती घरभर फिरली. जिथे पेन्सिल आत जाते, तिथून घरातला लहान उंदीरही जातो. वॉशिंग मशीनच्या पाइपाभोवतीच्या फटीत तिने तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावलं, मोरीला जाळी बसवली, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकली. रात्री ओट्यावर खरकटं ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला. उंदीर बंद झाले. पण सोसायटीच्या सभेत याची दखल कोण घेणार? बुजवलेलं भोक टॉवेलखाली झाकून मिरवता येत नाही.

पावसाळ्यात वालधुनी आणि उल्हास या नद्या फुगल्या, की बिळांत पाणी शिरतं आणि मंडळी जिन्याने वर येतात. त्यांचं मूत्र मिसळलेल्या पाण्यातून पायाला जखम घेऊन चाललात, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका.

आणि पिंजराच लावणार असाल, तर लक्षात ठेवा, उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. दोन-चार दिवस दार उघडं बांधून ठेवा, भजी खाऊ द्या, मग चाप लावा. फक्त पकडलेला उंदीर बदलापूर पश्चिमेला आणू नका. आमची भोकं बुजली आहेत, सेक्रेटरींची अजून उघडी आहेत.