काकूंचा फोन माउंट करताना

संक्रांत आली की सोलापुरात कुणाच्या फोनमध्ये जागा उरत नाही. सिद्धेश्वरांची यात्रा भरते, सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा ज्याला नीट दिसला तो आणि ज्याला फक्त पुढच्याची टोपी दिसली तो, दोघंही तितक्याच निष्ठेनं शूटिंग करतात. आमच्या काकूंनी यंदा अख्खी मिरवणूक टिपली आणि फोननं हात टेकले.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरात टाकून ठेव की," काकू म्हणाल्या.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. पाच मिनिटांचं काम त्यावर तासाभरात होतं. मात्र ते पाच मिनिटांत का होत नाही, हे तोवर छान कळतं. केबल लावली, टर्मिनल उघडलं, 'एमकेडीआयआर फोन' असं लिहून रिकामं फोल्डर केलं आणि 'जेएमटीपीएफएस फोन' ही आज्ञा दिली. फोनमधलं सगळं आता त्या फोल्डरात दिसायला हवं. यालाच माउंट करणं म्हणतात.

फोल्डर रिकामंच! काकूंचा फोन अर्ध्या मिनिटात लॉक होतो, आणि लॉक झालेला फोन केबलला दाद देत नाही. काकूंनी पॅटर्न काढला, तोही पदराआड. मग 'फाइल ट्रान्सफर'वर बोट ठेवलं.

पूर्वी फोन पेनड्राइव्हसारखा जोडला जाई. स्टोरेजचा ताबा पुरता कॉम्प्युटरकडे, आणि तेवढा वेळ फोनलाच स्वतःच्या फायली दिसत नसत. 2011च्या सुमारास अँड्रॉइडनं ती पद्धत सोडून मायक्रोसॉफ्टची एमटीपी धरली. एमटीपी म्हणजे चाटी गल्लीतला जुना कापडवाला. तुम्ही गादीवर बसायचं, आत पाऊल टाकायचं नाही. मागाल ते ठाण तो आणून देणार, पण एका वेळी एकच. साताठ ठाणं एकदम मागितलीत, तर तो चष्म्यावरून बघतो.

फोन पुन्हा माउंट केला आणि 'सीपी -आर' लिहून मी फोटो-व्हिडिओंच्या डीसीआयएम फोल्डरची कॉपी सुरू केली. ही आज्ञा काम चालू असताना अवाक्षर काढत नाही. काही चुकलं तरच बोलते. असा स्वभाव सोलापुरात कुणाला पटायचा?

"निस्ता काळा पडदाच दिसायलाय की. बिघडवलास का रे?"

"चालू आहे काकू."

"मग काही हलंना कसं?"

शेवटी नंदीध्वज सुखरूप पोचले. खरी गर्दी व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरात होती: गुलाब, समई, वाफाळता चहा, शुभ सकाळ. एका 'आरएम'मध्ये सगळं साफ झालं असतं. काकूंनी माझा हात धरला. "ते राहू दे. जाऊबाईंना उद्या काय पाठवू?"

तुम्ही हा उद्योग करणार असाल तर केबल उपटण्याआधी 'फ्यूजरमाउंट -यू फोन' लिहून माउंट सोडवा. 'डिव्हाइस बिझी' अशी तक्रार आली तर फोनवर चिडू नका. बहुतेक वेळा आपलंच टर्मिनल त्या फोल्डरात ठाण मांडून बसलेलं असतं. 'सीडी' लिहून बाहेर या आणि मग फोन काकूंना परत द्या.