उनि, तत्रैव आणि तात्या

प्रबंध लिहून झाला त्या दिवशी मी घरी पेढे आणले. हा शुद्ध उतावळेपणा होता. 'लिहून झाला' आणि 'झाला' यांच्यामध्ये संदर्भसूची नावाचं एक प्रकरण असतं आणि उरलेल्या सगळ्या प्रकरणांना मिळून जेवढा वेळ लागतो तेवढा ते एकटं खातं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पेढे संपले. सूची अजून चालू होती.

विषय होता अंबाजोगाई परिसराचा सांस्कृतिक इतिहास. राहायला मी धर्मापुरीत. केदारेश्वराचं चालुक्य शैलीतलं मंदिर गावातच, किल्ला गावातच. मुकुंदराजांची समाधी आणि दासोपंतांची पासोडी पलीकडं अंबाजोगाईला. साधनं अशी सगळी दारात. अडचण एवढीच, की त्या सगळ्यांना प्रबंधाच्या शेवटी शाळेतल्या पोरांसारखं ओळीनं उभं करायचं.

जुन्या अभ्यासकांचं बरं होतं. तळटीप द्यायची आणि लिहायचं 'तत्रैव', म्हणजे मघाशी सांगितलं तिथंच. नाहीतर 'उनि', म्हणजे वर कुठंतरी निर्देश केलाय, बघा शोधून. या दोन शब्दांच्या जिवावर मराठीत कितीतरी प्रबंध उभे आहेत. मीही तेच करणार होतो. पण मार्गदर्शक म्हणाले, "उनि-बिनि चालायचं नाही आता. संदर्भ एपीए पद्धतीनं पाहिजेत. आणि हातानं टाइप करत बसू नका, वर्डमध्ये सोय आहे."

सोय आहे, हे खरं. 2007 च्या आवृत्तीपासून आहे. 'रेफरन्सेस'वर टिचकी मारायची, 'इन्सर्ट सायटेशन' म्हणायचं, की एक फॉर्म उघडतो: लेखक, पुस्तकाचं नाव, वर्ष, शहर, प्रकाशक. एकदा भरला की मजकुरात कंस आपोआप येतो आणि शेवटी यादीही आपोआप लागते. 'आपोआप' हा शब्द ऐकला की मराठी माणसानं सावध व्हावं. मी झालो नाही.

पहिला फॉर्म ज्ञानेश्वरीचा. मी खूश. कारण माउलींनी ग्रंथाच्या शेवटी शके 1212 हे वर्ष दिलंय, नेवाशाचं ठिकाण दिलंय, राजा रामदेवराव असल्याची नोंद केलीय, आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलं हेही सांगितलंय. सातशे वर्षांपूर्वी टायपिस्टचं नाव देणारा लेखक! सगळे रकाने भरले. नावाच्या रकान्यात आडनाव आधी लागतं, म्हणून 'ज्ञानेश्वर, संत' असं लिहिलं आणि बटण दाबलं. यादीत आलं, 'ज्ञानेश्वर, स.'

एपीएच्या रीतीप्रमाणं आडनाव पूर्ण आणि बाकीच्या नावाचं आद्याक्षर, त्याला कॉम्प्युटर काय करणार? पुढं स्वामी रामानंद तीर्थ आले. निजामानं त्यांना तुरुंगात टाकलं होतं, पण नाव तरी पुरतं ठेवलं होतं. मी त्यांचं 'तीर्थ, स. र.' करून टाकलं. मराठवाड्यात राहून हे पाप कुठं फेडावं, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

पासोडीनं तर फॉर्मच झोपवला. दासोपंतांनी सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर ओव्या लिहिल्या, ती ही पासोडी. फॉर्म विचारतो, प्रकाशक कोण? नाही. आवृत्ती? एकच. संदर्भ देताना पान क्रमांक? अहो, पानच नाही तर क्रमांक कुठला? मी 'फूट 12' असं लिहून पाहिलं. मार्गदर्शकांनी त्याच्यापुढं लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं. त्यांचंही बरोबर होतं. तो फूट डावीकडून मोजला की उजवीकडून, हे मी सांगितलं नव्हतं.

मग फाँट. अर्धी यादी मी जुन्या फाँटमध्ये टाइप करून घेतली होती. त्या फाँटचं गुपित असं, की वर दिसतो 'क', पण पोटात असतं एखादं इंग्रजी अक्षर. यादी वर्णानुक्रमे लावायला सांगितली, तर कॉम्प्युटर चेहरा बघत नाही, पोट बघतो. त्यामुळं 'म' जाऊन बसला 'क'च्या मांडीला मांडी लावून, आणि 'अ' गेला पार शेवटाकडं. लग्नाच्या पंगतीत सोयऱ्यांना मागं आणि वाजंत्र्यांना पुढं बसवावं तसं झालं. पुन्हा सगळं युनिकोडमध्ये टाइप केलं.

एवढं कशासाठी? तर चोरी पकडली जाऊ नये म्हणून. म्हणजे, चोरी केली नाही हे दिसावं म्हणून. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम आहे: दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालतं, 60 च्या वर गेलं की नोंदणीच रद्द. हा नियम वाचला आणि संध्याकाळी किल्ल्याकडं फिरायला गेलो. तटात जागोजाग जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले. कुठं वेलबुट्टी, कुठं अर्धी मूर्ती. ना अवतरणचिन्ह, ना तळटीप. हा किल्ला आज विद्यापीठात दाखल केला तर पहिल्याच तपासणीत परत येईल.

त्याच रात्री शेजारचे तात्या ओसरीवर येऊन टेकले.

"सर, रातच्याला बी काय लिव्हायलाव?"

"संदर्भ टाकायलोय, तात्या."

"म्हंजे?"

"म्हणजे कोणती गोष्ट कुणी सांगितली, ते लिहायचं."

तात्यांनी तंबाखू मळली. "त्याला कॉम्प्युटर कशाला लागतोय? सोयरीक जमवताना आमी तेच करताव. पोरगं चांगलंय म्हणला, तर आधी इचारायचं, तुला कुणी सांगितलं? मग, त्यो सांगणारा त्याच गावचा हाय का? आन् मग, त्याचं त्या घराशी काय देणंघेणं, वाकडं तर न्हाई ना?"

मी टायपिंग थांबवलं. संशोधनपद्धतीच्या जाड पुस्तकांनी पन्नास पानांत सांगितलेलं तात्यांनी तीन प्रश्नांत आटोपलं होतं. आणि त्यातला तिसरा प्रश्न, सांगणाऱ्याचं काही वाकडं तर नाही ना, हा मला आजवर कुणीच विचारला नव्हता. मला विचारला गेला होता तो स्वल्पविराम.

खरं तर ही आपली जुनी रीत. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करणारे म्हाइंभट माणसामाणसाकडं जाऊन विचारत फिरले. लीळाचरित्राच्या परंपरेत एकाच प्रसंगाचे वेगळे पाठ मिळाले, तर कुणाचा पाठ कोणता हे नावानिशी नोंदवलेलं आढळतं. तेराव्या शतकात ना फॉर्म होता, ना टिचकी. पण अमक्याचं बोलणं तमक्याच्या नावावर जाऊ नये, ही काळजी होती. आपण ती काळजी मागं ठेवली आणि कंस तेवढे पुढं आणले.

माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण तात्यांच्या तोंडचं आहे. कोणता दगड कुणाच्या रानातून निघाला, कोणती मूर्ती कुठून उचलून कुठं ठेवली, हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते तात्यांच्या डोक्यात आहे. मी उत्साहानं त्यांचा फॉर्म भरायला घेतला, तेव्हा कळलं, की एपीएच्या नियमात तोंडी माहिती ही 'व्यक्तिगत संवाद' ठरते. मजकुरात कंसात उल्लेख करा, पण संदर्भसूचीत तिला जागा नाही. ज्यांची पुस्तकं मी नुसती चाळली ते सगळे यादीत, आणि ज्यांच्यामुळं प्रबंध झाला ते तात्या बाहेर, ओसरीवर.

मी नियम मोडला. यादीत 'त'च्या जागी तात्यांचं नाव हातानं टाइप केलं. दुसऱ्या दिवशी एक नवं पुस्तक घातलं, यादी अद्ययावत करायचं बटण दाबलं, आणि तात्या गायब. पुन्हा घातले, पुन्हा गायब. तीनदा असं झाल्यावर शोध लागला, की ती यादी म्हणजे साधा मजकूर नसतोच. दर वेळी ती भरलेल्या फॉर्मांवरून नव्यानं तयार होते आणि हातानं लिहिलेलं पुसून टाकते.

म्हणून वाचकहो, माझ्यासारख्या कुणाचा प्रबंध अडला असेल तर एवढं लक्षात ठेवा. सगळी पुस्तकं घालून झाली, की यादीवर टिचकी मारा. वरच्या बाजूला तिचं साध्या मजकुरात रूपांतर करायचा पर्याय मिळतो, तो निवडा. त्यानंतर यादी आपोआप बदलत नाही. मग आपल्या तात्यांचं नाव लिहा, पुरतं लिहा, आद्याक्षर करू नका.