नव्वद अंशांचे गुरुजी

भालकीत ज्या गुरुजींनी आमच्या पिढीचे कान पिळले, ते हल्ली पुस्तकांच्या पानांचे दुमडलेले कान सरळ करत बसतात. तेही इतक्या हळुवार हातानं, की बघताना आमची जुनी दुखणी जागी होतात. रिटायर झालेला माणूस भजनी मंडळात जातो, नाहीतर प्लॉटिंगच्या धंद्यात. गुरुजींनी जुनी पुस्तकं मोबाईलमध्ये उतरवायला घेतली. ही जात लांबून ओळखू येते: कुणाच्याही घरी गेली, की चहाआधी माळ्याकडं बघते.

त्यांचं कपाट मात्र खरंच बघण्यासारखं. निजामाच्या काळातली उर्दू क्रमिक पुस्तकं, निर्णयसागरच्या पोथ्या, कन्नड वचनं, मोडीतल्या वह्या, सगळं एका फळीवर. 1 नोव्हेंबर 1956 ला बिदर जिल्हा फुटला, उदगीर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही म्हैसूरात. कपाटाच्या वाटणीला कुणी आलं नाही.

गुरुजींचा पहिला नियम असा, की पुस्तक नव्वद अंशांपलीकडं उघडायचं नाही. उताणं पाडून दाबलं की जुनी शिवण तुटते, पाठ निखळते. त्यामुळं झेरॉक्सचं नावही घरात काढायची चोरी. मोसंबीच्या खोक्याचा पुठ्ठा उभा करून त्याला अर्धं पुस्तक टेकवतात, अर्धं आडवं. आडव्या पानावर काच. ती देवाच्या तसबिरीची. काकू म्हणतात, "सहा महिने झाले, दत्तमहाराज उघड्यावर हायत." दिवे दोन्ही बाजूंनी तिरके, नाहीतर काचेत बल्ब चमकतो आणि ओवी गायब. वर स्टँडला मोबाईल, बटण इयरफोनच्या वायरीवर. आधी सगळी उजवी पानं, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. डावी उलटी येतात. ती सुलटी करायला रविवारी बिदरहून नातू येतो. मध्येच लाईट गेली, की गुरुजी अंधारात पानाचा नंबर जपासारखा पुटपुटत बसतात.

एकदा मी बोटाला थुंकी लावून पान उलटलं.

"काय करलालास रे?"

आवाज चाळीस वर्षांपूर्वीचाच. मी मुकाट्यानं हात पुढं केला. त्यांनी हातावर साबण ठेवला. धुऊन आलो, तर हात कोरडा होईस्तोवर पंख्याखाली उभं केलं. हातमोजे आणू का विचारलं, तर म्हणाले, "मोज्यात बोटाला पानाची कड कळत न्हाई, पान फाटतंय." चिकटपट्टीनं पान जोडणाऱ्याबद्दल ते जे बोलतात, ते इथं छापता येणार नाही.

पुस्तक हातात आलं, की गुरुजी नावगाव बघत नाहीत. "लेखक कवा वारला?" एवढंच विचारतात. कायद्यानं लेखकाच्या निधनानंतरची 60 वर्षं सरली, की पुस्तक नेटवर चढवायला मोकळं. हरिभाऊ आपटे 1919 ला गेले, काम झालं. साने गुरुजी 1950 ला गेले, तेही 2011 पासून मोकळे. कुणाच्या मरणाची तारीख ऐकून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

परवा नातवानं 'बटाट्याची चाळ' काढली. पु. ल. 2000 साली गेले, म्हणजे मुहूर्त 1 जानेवारी 2061 चा. गुरुजींना आता त्र्याहत्तरावं लागलंय. त्यांनी बोटांवर हिशेब केला, "थांबू की," म्हणाले आणि कसर लागू नये म्हणून ठेवलेला वेखंडाचा तुकडा बाजूला ठेवून चाळ परत फळीवर लावली.