तूर्तातूर्त मनाई

मनाई हुकूम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली मिळतो. बांध, विहीर आणि भावकीची वाटणी ही त्याची पूर्वापार क्षेत्रे. अलीकडे थोरामोठ्यांची अब्रू हीही स्थावर मालमत्तेत जमा झाली असून तिच्यावरचे अतिक्रमण मोबाइलमधून होते. अशा वेळी तूर्तातूर्त, म्हणजे दुसरी बाजू न ऐकता दिलेला हुकूम विशेष गुणकारी ठरतो. प्रतिवादी कोण हे ठाऊक नसेल तर ‘अशोक कुमार’ असे लिहून भागते. या नावाच्या खऱ्या गृहस्थांनी मनाला लावून घेऊ नये.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाला बोलण्याआधीच मनाईचा हा प्रकार नवा नाही. बीदर आणि गुलबर्गा (आताचे कलबुर्गी) निजामाकडे असताना गश्ती, म्हणजे परिपत्रक, क्रमांक 53 नुसार सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे. त्यात निदान एक सोय होती. काय बोलायचे नाही ते बोलण्यापूर्वी कळत असे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. अर्जदार के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायमूर्ती. ‘आधार’च्या निमित्ताने सरकारने नागरिकाच्या घरात डोकावू नये, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या राज्याने त्याचा पुढचा अर्थ लावला : नागरिकाने सरकारच्या घरात डोकावू नये. मार्च 2021 मध्ये एका मंत्र्याची चित्रफीत वाहिन्यांवर झळकली आणि त्याने राजीनामा दिला. लगोलग सहा अन्य मंत्री बंगळुरूच्या न्यायालयात गेले आणि साठाहून अधिक माध्यमांवर बदनामीकारक मजकुराबद्दल मनाई घेऊन आले. आग शेजारी लागली असता आपल्या छपरावर पाणी मारून ठेवणे शहाणपणाचेच. हे सहाही जण 2019 साली पक्ष बदलून सरकार पाडणाऱ्या गटातले होते. त्या गटाचा मुंबईतल्या हॉटेलातला मुक्काम मात्र पुरेसा जाहीर होता.

प्रसिद्धीआधीची मनाई अपवादानेच द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्गच्या प्रकरणात बजावले. जुलै 2025 मध्ये धर्मस्थळ येथील सामूहिक दफनाच्या आरोपांप्रकरणी बंगळुरूच्याच न्यायालयाने 8,842 दुवे काढण्याचा एकतर्फी हुकूम दिला. एका यूट्यूब वाहिनीपुरता तो उच्च न्यायालयाने 1 ऑगस्टला रद्द केला. वाहिनीला निदान वकील लावता आला. बाकीचे अशोक कुमार कुठे होते, याची नोंद नाही.

बीदर जिल्ह्यात ही सोय कोणी वापरल्याचे दिसत नाही. तिथे फौजदारी मार्ग चालतो. 21 जानेवारी 2020 रोजी शाहीन शाळेतील मुलांनी नागरिकत्व कायद्यावर नाटक केले. नाटक शाळेच्या आवारातले, पण चित्रफीत फेसबुकवर गेली आणि प्रकरण राजद्रोहाचे झाले. 30 जानेवारीला मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई अटकेत गेल्या. दोघींना जामीन 14 फेब्रुवारीला मिळाला. मुलांची चौकशी एकदा करून राष्ट्राचे समाधान झाले नाही, ती पुन्हा पुन्हा झाली, आणि गणवेशातल्या मुलांसमोर गणवेशातले पोलीस बसले. शस्त्रे बाळगून मुलांना प्रश्न विचारणे हा कायद्याचा भंग आहे, असे उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट 2021 मध्ये म्हटले. तोवर मुलांच्या खासगीपणाविषयी कोणी आदेश 39 उघडले नव्हते. गुन्हा रद्द झाला जून 2023 मध्ये, कलबुर्गी खंडपीठात. नाटक समाजमाध्यमावर चढवले नसते तर ते लोकांना कळलेच नसते, असेही निकालात आहे. शाळांनी अशा विषयांपासून मुलांना दूर ठेवावे, हा सल्लाही त्यातच मिळाला. बंगळुरूला मंत्र्यांची अब्रू वाचायला एक-दोन दिवस पुरले. बीदरच्या शाळेला सव्वातीन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले. अब्रूच्या आकारमानानुसार वेळ लागतो, हे यावरून सिद्ध होते.

औराद तालुक्यातील मुरकीची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि तिथे थट्टा थांबते. 13 जुलै 2018 रोजी हैदराबादहून आलेल्या मित्रांपैकी कोणीतरी मुलांना चॉकलेटे दिली, मुले पळवणारे आले असा निरोप व्हॉट्सॲपवर फिरला, आणि जमावाने त्यांतल्या एका तरुण अभियंत्याला ठार केले. हा निरोप रोखायला न्यायालयात जाण्याइतका वेळ कोणाकडेच नव्हता. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवता येईल, असे जाहीर केले. मर्यादेचा हा आकडाही कंपनीने ठरवलेला.

खोटे निरोप रोखायला पुढे राज्य सरकारही सरसावले. खोट्या बातम्यांविरुद्धच्या कायद्याचा जून 2025 मधला मसुदा खोट्या बातमीला सात वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड सुचवत होता. मसुदा अंतिम नाही, असे सरकारने सांगितले. खोटे काय ते ठरवणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद मात्र त्यात एका मंत्र्याकडेच दिलेले होते.